नावे एका खाती, जमा दुसऱ्या

सरकारी खजिन्यातून एखाद्या रोगाच्या नावाने द्रव्य काढावे, ते विद्वानांच्या हाती द्यावे आणि ठरल्या मुदतीनंतर त्या रोगाचे पारिपत्य झाले की नाही याचा जाब विचारावा, ही रीत वरवर पाहता इतकी रास्त दिसते की, तिच्याविषयी शंका काढणारा मनुष्य एक तर उधळा असावा किंवा संशोधकांचा वकील असावा, असा समज होणे स्वाभाविक आहे. मी या दोहोंपैकी कोणीही नाही. परंतु शरीरातील पेशी आपल्या सभोवारच्या तंतुजालाला कशा धरून राहतात आणि कर्करोगात ही पकड कशी बिघडते, या एका प्रश्नामागे रिचर्ड हाइन्स या शास्त्रज्ञाने वेचलेल्या सुमारे अर्धशतकाचा जमाखर्च मांडून पाहिला, तर ही रीत टिकत नाही असे माझे मत झाले आहे. आणि त्याच जमाखर्चात खुद्द संशोधकांच्या नावेही एक रक्कम निघते, तीही दडवून ठेवण्याचे कारण नाही.

१९७० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत हाइन्स लंडनच्या इंपीरियल कॅन्सर रिसर्च फंडाच्या प्रयोगशाळेत काम करीत होते. हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या निरोगी पेशी एका बाजूस आणि विषाणूंनी कर्कप्रवृत्त केलेल्या तशाच पेशी दुसऱ्या बाजूस ठेवून, दोहोंच्या पृष्ठभागावरील प्रथिनांना त्यांनी किरणोत्सारी आयोडिनची खूण लावली, तेव्हा निरोगी पेशींवर ठळकपणे दिसणारे एक भलेमोठे प्रथिन कर्कपेशींवरून जवळजवळ नाहीसे झालेले आढळले. १९७३ साली हा वृत्तांत प्रसिद्ध झाला. त्याच सुमारास फिनलंडमध्ये एर्की रुओस्लाती व त्यांचे सहकारीही स्वतंत्रपणे याच प्रथिनापाशी पोहोचले होते. पुढे त्याला फायब्रोनेक्टिन हे नाव मिळाले.

कर्करोगाचा गुन्हेगार सापडला नसला तरी त्याने चोरलेली वस्तू सापडली, असे तेव्हा अनेकांना वाटले असल्यास नवल नाही. साहजिकच पुढचा प्रयोग असा झाला की, शुद्ध केलेले फायब्रोनेक्टिन कर्कपेशींना परत देऊन पाहावे. ते दिल्यावर त्या गोल, सैल, अस्ताव्यस्त पेशी सपाट झाल्या, तळाला चिकटल्या, शिस्तीने ओळीत बसल्या. त्यांच्या अंतरंगातील तंतूंचा सांगाडाही पुन्हा उभा राहिला. मात्र त्यांची अनिर्बंध वाढ काही थांबली नाही. रूप सुधारले, स्वभाव तोच राहिला. एखाद्या काटेकोर लेखापालाने त्या दिवशी फाइल बंद करून ‘उद्दिष्ट असाध्य’ असा शेरा मारला असता, तर नियमाच्या अक्षरानुसार तो चुकला, असे म्हणता आले नसते.

सुदैवाने शेरा मारणारे कोणी नव्हते. उलट पैसा वाहत होता. १९७१ च्या डिसेंबरात अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनी कर्करोगविषयक कायद्यावर सही करून जणू युद्धच पुकारले होते, आणि त्या युद्धाच्या रसदीवर मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत साल्व्हादोर लुरिया यांनी एक कर्करोग केंद्र उभारले होते. चॉकलेटच्या एका जुन्या कारखान्याच्या इमारतीत थाटलेल्या या केंद्रात हाइन्स १९७५ साली रुजू झाले. तेथे त्यांचा प्रश्न पालटला. फायब्रोनेक्टिन पेशीच्या बाहेर असते आणि सांगाड्याचे तंतू आत असतात. तर बाहेरच्या बदलाची वर्दी आत पोहोचते कशी?

उत्तर हाती यायला १९८६ साल उजाडले. पेशीच्या पटलातून आरपार गेलेले एक प्रथिन सापडले. भिंतीतून पार ठोकलेल्या खुंटीप्रमाणे त्याचे एक टोक बाहेर तंतुजालाला अडकलेले असते आणि दुसरे आत सांगाड्याशी जखडलेले असते. त्याला इंटेग्रिन म्हणतात, आणि मनुष्यदेहात त्याचे एकंदर चोवीस प्रकार आहेत. मात्र खुंटी मुकी असते आणि इंटेग्रिन मुके नसते, हा या शोधातील खरा मर्मभाग होय. पेशी कशाला चिकटली आहे ही खबर ते आत पोहोचविते, व त्या खबरीवर पेशीचे जगणे, वाढणे आणि सरकणे अवलंबून राहते. उलटपक्षी आतून हुकूम सुटला म्हणजे बाहेरची पकड घट्ट किंवा सैल होते. आधारापासून सुटलेली निरोगी पेशी ही खबर तुटताच स्वतःचा अंत करून घेते. कर्कपेशी मात्र निराधार अवस्थेतही जगते, रक्तप्रवाहात शिरते आणि दूरच्या अवयवात जाऊन ठाण मांडते. कर्करोगाने होणारे बहुसंख्य मृत्यू या दूरच्या वसाहतींमुळे होतात, हे ध्यानात घेतले म्हणजे चिकटण्या-सुटण्याचा हा प्रश्न क्षुल्लक नव्हता, हे पटते.

आता जमेची बाजू पाहू. रक्त गोठविणाऱ्या प्लेटलेट्स एकमेकींना बिलगतात त्या इंटेग्रिनच्याच कुळातील एका प्रथिनाच्या द्वारे. रुओस्लाती यांनी १९८४ मध्ये दाखवून दिले होते की, फायब्रोनेक्टिनवर पेशीची पकड बसते ती आर्जिनीन, ग्लायसीन आणि अ‍ॅस्पार्टिक आम्ल या अवघ्या तीन दुव्यांच्या क्रमावर. हाच त्रिक सर्पविषात आढळला, आणि ज्या सर्पाच्या विषातील प्रथिनावरून टिरोफिबान हे हृद्रोगावरील औषध घडविले गेले तो दुसरा कोणी नसून आपले फुरसे आहे! इंग्रजी अमदानीत ज्याला मारण्यासाठी रत्नागिरी जिल्ह्यात सरकारने इनाम लावले होते, त्याच प्राण्याच्या विषाचा कित्ता गिरवून हृदयाच्या रोहिणीतील गुठळी आवरली जाते, ही गोष्ट कोकणातल्या वाचकाला मुद्दाम सांगावीशी वाटते. प्लेटलेट्सचा अभ्यास करणारे आपल्या स्वतंत्र वाटेने येत होते, तेव्हा या औषधाचे सारे श्रेय हाइन्स यांच्या पदरी घालणे अन्यायाचे होईल. परंतु ही सारी एकाच घराण्याची भावंडे आहेत हे कळल्यामुळे प्रत्येकाची वाट उजळली, यात शंका नाही. तिकडे हार्वर्डच्या टिमोथी स्प्रिंगर यांनी श्वेतपेशींवरच्या इंटेग्रिनांचा जो शोध घेतला त्या दिशेने आतड्याच्या दाहावर, मज्जासंस्थेच्या एका दुर्धर व्याधीवर आणि शुष्क नेत्रांवरही औषधे निघाली. हाइन्स, रुओस्लाती व स्प्रिंगर या तिघांना २०२२ साली लास्कर पारितोषिक मिळाले ते अर्थातच यथार्थ होते.

आणि कर्करोग? मेंदूच्या एका घातक अर्बुदावर इंटेग्रिनला अडविणारे सिलेंगिटाइड नावाचे औषध पाचशेहून अधिक रुग्णांवर पारखण्यात आले. २०१४ मध्ये त्याचा निकाल प्रसिद्ध झाला. रुग्णांचे आयुष्य त्याने वाढले नाही. म्हणजे कर्करोगाच्या नावे पडलेला खर्च हृदयाच्या, आतड्याच्या आणि डोळ्यांच्या खाती जमा झाला, आणि ज्या खात्यातून तो निघाला तेथे या औषधापुरती तरी शिल्लक शून्य राहिली.

येथे कोणी विचारील की, रुग्णालयाच्या व्हरांड्यात चटईवर बसलेल्या कर्करोग्याच्या आप्तांना हा हिशेब सांगून काय समाधान होणार? काहीही होणार नाही, आणि ते व्हावे अशी अपेक्षा करणे निर्दयपणाचे आहे. त्यांचा रोष मात्र योग्य ठिकाणी पोहोचला पाहिजे. संशोधन भरकटले हा दोष नव्हे. मंजुरी मिळविण्यासाठी ते भरकटणार नाही असे लिहून दिले जाते, हा दोष आहे. पेशींच्या पकडीचा अभ्यास करणारा विद्वान ‘मला ही पकड समजून घ्यावयाची आहे’ एवढेच लिहील तर त्याचा अर्ज मागे पडतो, म्हणून तो कर्करोगावरील उपचाराचे आमिष पहिल्याच परिच्छेदात मांडतो. मंजूर करणाऱ्यालाही ते आमिषच असल्याचे ठाऊक असते. आणि या परस्परसंमत लबाडीत फसतो तो एकटा करदाता. पाश्चात्त्य देशांना हा चैनीचा खेळ परवडतही असेल. आपल्या देशाच्या एकूण उत्पन्नापैकी २०२०-२१ मध्ये अवघा ०.६४ टक्के भाग संशोधनावर खर्च झाला; येथे ही लबाडी अधिक महाग पडते, कारण आश्वासनाप्रमाणे फळ दिसले नाही की कात्री प्रथम मूलभूत शास्त्रावर चालते.

आपल्याकडे अनुदानाचा शेवट उपयोगिता प्रमाणपत्राने होतो. रक्कम कोणत्या बाबीवर खर्ची पडली याचा तो दाखला असतो, आणि तो आवश्यकच आहे. परंतु ज्ञान कोठे पोहोचले याची नोंद घेणारे दप्तर कोणाजवळही नाही. २०२३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाने दोन गोष्टी कराव्यात. अर्जातील अपेक्षित लाभाचा रकाना मूलभूत विषयांच्या अर्जदारांना कोरा ठेवण्याची मुभा द्यावी, आणि कोऱ्या रकान्याबद्दल गुण कापले जाणार नाहीत असे परिपत्रक काढावे. दुसरे असे की, दाखल झालेली प्रकरणे पंधरा-वीस वर्षांनी पुन्हा उघडून, त्यांतील निष्कर्ष पुढे कोणी, कोणत्या रोगासाठी, कोणत्या कारखान्यात वा शेतात वापरला, किंवा कोणीच वापरला नाही, याची कैफियत प्रसिद्ध करावी. यासाठी फार द्रव्य नको. पाच-सहा चिकित्सक कारकून आणि एक चांगले ग्रंथालय एवढे पुरे आहे. अशा कैफियतीत बरीच प्रकरणे निष्फळ निघतील, आणि तीही यशस्वी प्रकरणांच्या शेजारी त्याच टाइपात छापली जावीत.