रस्त्यावरच्या झडतीची नोंद कुठे आहे?

वस्तीच्या तोंडाशी नाकाबंदी लागते. नाव-गाव विचारले जाते, डिकी उघडली जाते, खिसे तपासले जातात, मोबाईल मागितला जातो. काही सापडत नाही आणि तरुण घरी जातो. त्याला का थांबवले, याचा कागद मात्र बहुतेक वेळा त्याच्या हातात येत नाही. पोलिसांच्या अधिकारांची चर्चा इथूनच सुरू व्हायला हवी, असे आम्हाला वाटते.

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम १८५ नुसार तपासात वॉरंटशिवाय झडती घ्यायची तर अधिकाऱ्याने कारण लेखी नोंदवायचे आणि त्याची प्रत ४८ तासांत दंडाधिकाऱ्याकडे पाठवायची असते. कलम १०३ प्रमाणे पंच लागतात. स्त्रीची अंगझडती स्त्रीनेच घ्यायची असते. कलम १०५ ने झडती आणि जप्तीचे चित्रीकरण बंधनकारक केले. अटक झाली तर कारण सांगणे आणि नातेवाइकांना कळवणे भाग आहे. कारणाशिवाय वाटेल त्याची झडती घेण्याचा सरसकट अधिकार ही संहिता देत नाही.

पण अटकही नाही, गुन्हाही नाही, नुसते "थांब, दाखव", तेव्हा काय? त्यात आता कलम १७२ आले आहे. पोलिसांचे कायदेशीर निर्देश न पाळणाऱ्याला ताब्यात घेता येते आणि किरकोळ प्रकरणात २४ तासांच्या आत सोडायचे असते. 'ताब्यात' आणि 'अटक' यांच्या मधल्या या जागेत माणूस कागदावर येईलच याची खात्री नाही.

हा प्रश्न सगळ्यांना सारखा भिडत नाही. २०११ च्या जनगणनेत अनुसूचित जातींचे प्रमाण १६.६ टक्के आहे. कच्च्या कैद्यांमध्ये मात्र ते सुमारे एक पंचमांश आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मावरूनच संशय ठरवला. तो १९५२ मध्ये रद्द झाला, तरी ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पोलिसांना बजावावे लागले की विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होता कामा नये.

डिसेंबर २०२४ मधली परभणी आपण विसरलेलो नाही. संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, आंदोलन पेटले आणि वस्त्यांमध्ये कोंबिंग ऑपरेशन झाल्याच्या तक्रारी आल्या. अटक झालेला कायद्याचा एक विद्यार्थी न्यायालयीन कोठडीत मरण पावला. पोलिसांवर गुन्हा नोंदवण्याचा आदेश मिळवायला जुलै २०२५ उजाडला, तोही उच्च न्यायालयात लढून.

इंग्लंड आणि वेल्समध्ये १९८४ च्या कायद्याने रस्त्यावरच्या झडतीची नोंद ठेवणे आणि मागणाऱ्याला तिची प्रत देणे पोलिसांवर बंधनकारक केले. वंशनिहाय आकडे सरकार जाहीर करते. कृष्णवर्णीयांना गोऱ्यांपेक्षा कितीतरी अधिक वेळा थांबवले जाते, हे तिथे सरकारी आकड्यांवरूनच सिद्ध करता येते. भेदभाव त्याने संपला नाही, पण तो नाकारता येत नाही. आपल्याकडे नोंदच नसल्याने "असे काही घडत नाही" एवढे म्हणून प्रश्न मिटवला जातो.

म्हणून आपली मागणी नेमकी हवी: प्रत्येक थांबवणुकीची आणि झडतीची वेळ, ठिकाण, कारण व अंमलदाराचे नाव असलेली पावती, आणि समाजघटकनिहाय वार्षिक आकडेवारी. तोवर नोंद आपणच ठेवू. अडवले गेल्यास हुज्जत न घालता नाव सांगा, कारण विचारा, अंमलदाराच्या छातीवरची नावपट्टी वाचा. घरी येताच तारीख-वेळेसह सारे लिहून ठेवा. विहाराविहारातून अशा नोंदी एकत्र आल्या, तर पुढच्या वेळी न्यायालयात आपण फक्त तक्रार घेऊन उभे राहणार नाही, पुरावा घेऊन उभे राहू.