बैल गेला नि रिप्ले केला

शनिवारी आमचे जावई माझ्याशी बोलत नाहीत. भांडण वगैरे काही नाही. अमेरिकेत पानगळीच्या दिवसांतला शनिवार हा कॉलेज फुटबॉलचा वार, आणि जावई ज्या विद्यापीठातून एम. एस. झाले त्याची जर्सी घालून ते सकाळपासून टीव्हीसमोर बसलेले असतात. (या फुटबॉलमध्ये चेंडू बहुतेक वेळ हातात असतो, पण पाहुण्याने अशा शंका काढू नयेत.)

परवा चेंडू झेलणाऱ्याचा पाय रेषेबाहेर पडला. मला चष्म्याशिवाय दिसला. मैदानावरच्या पंचांना दिसला नाही. मग खेळ थांबला आणि वर खोलीत बसलेले पंच चित्रफीत उलटसुलट फिरवून पाहू लागले. मूळ निर्णय बदलायचा तर म्हणे निर्विवाद पुरावा लागतो. तो शोधेपर्यंत माझा चहा निवला, आणि निर्णय कायम! जावयांनी उशी भिरकावली.

"चुकलं असेल तर उद्या दुरुस्त करतील हो," मी म्हटलं.

"उद्या फार तर चूक कबूल करतील, बाबा. निकाल बदलत नाही."

हे ऐकून माझं डोकं जे फिरलं ते अजून जागेवर नाही. मग चित्रफीत पाहता कशाला?

जावयांनीच एकेक किस्से सांगितले. २००६ साली ओरेगन आणि ओक्लाहोमाच्या सामन्यात, शेवटचं मिनिट-सव्वा मिनिट उरलं असताना, ओरेगनच्या गड्याने चेंडू दहा यार्ड जाण्याआधीच त्याला हात लावला. वर तो चेंडू शेवटी ओक्लाहोमाच्याच हाती होता. फीत पाहूनही पंचांनी तो ओरेगनला दिला. ओरेगन ३४-३३ ने जिंकलं. पंचांना एका सामन्यापुरतं घरी बसवलं. ओक्लाहोमाच्या अध्यक्षांनी सामना नोंदीतूनच काढा म्हणून विनवलं. निकाल जागच्या जागी. २०१५ मध्ये ड्यूकविरुद्ध मायामीच्या पोरांनी अखेरच्या क्षणी आठ वेळा चेंडू मागं फेकत पल्ला गाठला. मधे एकाचा गुडघा जमिनीला टेकला होता, म्हणजे खेळ तिथंच संपायला हवा होता. पंचांनी सुमारे नऊ मिनिटं तपासणी केली. नऊ मिनिटांत आमच्याकडे साखरपुडा उरकतो! विजय मायामीला, ३०-२७. पंच दोन सामने निलंबित. विजय मात्र निलंबित झाला नाही.

म्हणजे खिसेकापू पोलिसाला सापडला नाही म्हणून पोलिसाचा पगार कापायचा, आणि पाकीट खिसेकापूकडेच ठेवायचं!

बरं, फीत नव्हती तेव्हा काय होत होतं? या खेळात दहा यार्ड पुढं जायला चार प्रयत्न मिळतात. १९९० साली कोलोरॅडोला पंचांनी मोजण्यात चुकून पाच दिले. पाचव्यात त्यांनी मिझुरीला ३३-३१ ने हरवलं, आणि त्या वर्षीच्या राष्ट्रीय विजेतेपदात वाटाही मिळवला. पदवीचा अभ्यासक्रम चालवणाऱ्या दोन विद्यापीठांना चारापर्यंतचे आकडे झेपू नयेत?

पण अगदी अशीच चूक १९४० साली झाली होती. कॉर्नेलने पाचव्या प्रयत्नात डार्टमथवर ७-३ असा विजय मिळवला. नंतर सामन्याचं चित्रीकरण पाहिलं, चूक कळली. पंचांनी ती मान्य केली आणि कॉर्नेलने तार करून विजय परत देऊ केला. डार्टमथने घेतला. नोंद ३-० अशी झाली. कॅमेरा एवढासा, पण त्याचा उपयोग झाला! आज वीस बाजूंनी चित्रण होतं, ते बहुधा चूक रंगीत दिसावी म्हणून. माझं म्हणणं सरळ आहे. चूक मान्य केलीत ना, मग विजय परत करा. करायचा नसेल तर ती नऊ मिनिटं आम्हांला परत द्या.

"पण बाबा, निकाल फिरवायचा नियमच नाही," जावई म्हणाले.

"१९४० मध्ये तरी कुठं होता?"

जावई गप्प बसले. टीव्हीवर पंच पुन्हा कानाला यंत्र लावून उभे होते. आतून मुलगी ओरडली, "बाबा, दुसरा चहा टाकू का?"

"टाक," मी म्हटलं. "वेळ आहे."