रात्री बाराचा खेळ

परवा वर्गात आमचे एक सर म्हणाले, "जो विद्यार्थी परीक्षेसाठी जागत नाही, तो रात्री बाराच्या सिनेमाला मात्र बरोबर जागतो!" सगळे हसले. मीही हसलो. पण ते वाक्य काही मनातून जाईना, म्हणून हा लेखनप्रपंच.

'सैराट' लागला २९ एप्रिल २०१६ रोजी. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. दिवसाचे खेळ पुरेनात, म्हणून काही ठिकाणी मध्यरात्रीचे जादा खेळ लावावे लागले. तालुक्याला जायला आमच्या गावातून टेंपो ठरला. वडील वीटभट्टीवर कामाला. सिनेमा आणि कॉलेज या दोन्ही गोष्टी आमच्या घरापासून सारख्याच लांब. तरीही ते निघाले आणि मलाही घेतले. टेंपोत वरच्या आळीची आणि आमच्या वस्तीची माणसे एकमेकांना खेटून उभी होती. एरवी पारावरदेखील अशी बसत नाहीत. (ज्यांना हे खरे वाटत नसेल त्यांनी एकदा आमच्या गावी यावे.)

टॉकीजच्या दारात जत्राच भरली होती. तिकिटाच्या खिडकीत एका वेळी चार-चार हात. 'झिंगाट' सुरू झाले आणि खुर्चीवर कोणी उरले नाही. वडिलांनी मला खांद्यावर घेतले. ज्याचे नावगाव ठाऊक नाही अशा शेजारच्या माणसाने माझ्या ओंजळीत शेंगदाणे ओतले.

आणि मग शेवट. ज्यांनी पाहिला त्यांना आठवत असेल, तिथे पडद्यावर आवाजच नाही. मघाशी शिट्ट्या मारणारी ती सगळी माणसे एकदम गप्प झाली. कोणीही "शांत बसा" म्हटले नव्हते. येताना टेंपोत इंजिनाखेरीज आवाज नव्हता. जाताना सर्वांत मोठ्याने ओरडणारा वरच्या आळीचा एक दादा स्टेपनीवरून उठला आणि त्याने वडिलांना तिथे बसवले. दुसऱ्या दिवशी गाव पुन्हा होते तसेच. सिनेमाने गाव बदलत नाही, एवढे मलाही कळते.

पण तोच चित्रपट पुढे मी मोबाइलवर तीनदा पाहिला आणि तशी शांतता पुन्हा अनुभवली नाही. माझी आजी कीर्तनाला रात्रभर जागायची, आजोबा तमाशाला. त्यांना उनाड कोणी म्हटले नाही. (त्यांना परीक्षा नव्हती, असे सर म्हणतील. कबूल.)

या गर्दीची भीतीही वाटते. ४ डिसेंबर २०२४ च्या रात्री हैदराबादच्या संध्या थिएटरात, 'पुष्पा २'च्या आदल्या रात्रीच्या खेळाला चेंगराचेंगरी झाली. एक बाई गेली, तिचा लहान मुलगा गंभीर जखमी झाला. ती बातमी वाचताना मला वडिलांचा खांदा आठवला. माणसे किती आणि दारे किती, हा हिशेब खेळ लावणाऱ्यांनी करायचा असतो. खांद्यावर पोर घेतलेल्या बापाने नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे.

सर, पुढच्या वेळी आपणही आमच्याबरोबर यावे. परीक्षा संपल्यावरच जाऊ. तिकीट आमच्याकडे लागले.