विश्लेषण : गरोदरपणात ‘एमएस’ शांत का होतो?

मल्टिपल स्क्लेरोसिस अर्थात ‘एमएस’मध्ये शरीराची रोगप्रतिकार यंत्रणा मेंदू व मज्जारज्जूतील चेतातंतूंच्या आवरणावरच हल्ला करते. दृष्टी अंधुक होणे, हातपाय बधिर होणे, तोल जाणे असे झटके येतात. स्त्रियांत हा आजार पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट आढळतो आणि बहुधा विशी ते चाळिशीत सुरू होतो. एकेकाळी डॉक्टर अशा स्त्रियांना मूल होऊ न देण्याचा सल्ला देत.

हा सल्ला चुकीचा कसा ठरला?

युरोपातील १२ देशांतल्या २५४ रुग्ण स्त्रियांचा अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. गरोदरपणापूर्वी झटक्यांचे प्रमाण वर्षाला सरासरी ०.७ होते, शेवटच्या तिमाहीत ते ०.२ वर आले. त्या काळच्या औषधांनाही एवढी घट साधत नव्हती. बाळंतपणानंतरच्या तीन महिन्यांत मात्र प्रमाण १.२ वर उसळले.

गर्भाची निम्मी जनुके वडिलांची, म्हणजे आईच्या शरीराला परकी. गर्भ नाकारला जाऊ नये म्हणून प्रतिकार यंत्रणा सबुरीने घेते. गरोदरपणात वारेतून मोठ्या प्रमाणात येणारे एस्ट्रिऑल हे संप्रेरक दाह वाढवणाऱ्या टी-पेशींना आवर घालते, असे प्रयोगांत दिसले आहे. वार पडली की त्याची पातळी कोसळते.

मग संप्रेरकाची गोळी का नाही?

लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील रोंडा व्होस्कुल यांच्या चमूने १६४ स्त्रियांवर चाचणी घेतली. सर्वांना ग्लॅटिरामर हे नेहमीचे औषध होते. सोबत काहींना एस्ट्रिऑल, तर काहींना औषध नसलेली गोळी. दोन वर्षांनी झटक्यांचे वार्षिक प्रमाण अनुक्रमे ०.२५ आणि ०.३७ भरले. निष्कर्ष २०१६ मध्ये आले. आशा वाटावी असे, पण निर्णायक नव्हेत. या चाचणीत संख्याशास्त्रीय निकषही नेहमीपेक्षा सैल होता. बाळंतपणानंतर दुसरी संप्रेरके देऊन झटके रोखण्याचा युरोपातील प्रयत्न तर फसलाच. गरोदरपण म्हणजे एक संप्रेरक नव्हे, हे त्यातून दिसते.

खरी अडचण पैशाची आहे. एस्ट्रिऑल जुने, स्वस्त संप्रेरक; रजोनिवृत्तीच्या त्रासावर अनेक देशांत ते दशकानुदशके वापरात आहे. मूळ रेणूवर कोणाची मक्तेदारी नाही, तेव्हा शेकडो रुग्णांच्या चाचणीवर कंपनीने का खर्च करावा? असे संशोधन बहुधा सरकारी किंवा धर्मादाय निधीनेच पुढे जाऊ शकते.

तोवर मनाने संप्रेरके घेणे धोक्याचे. आणि ‘एमएस’ असलेली लेक बाळंतपणाला माहेरी आली असेल, तर तिचा बधिर झालेला हात किंवा अंधुक दिसणे ‘बाळंतिणीचा अशक्तपणा’ म्हणून सोडून न देता लगेच मेंदूविकारतज्ज्ञांना कळवावे. तेच तीन महिने सर्वाधिक जोखमीचे असतात.