धसका हृदयालाही बसतो

फर्दापूरहून अजिंठ्याला जाणारे पर्यटक सोळा क्रमांकाच्या लेण्यातील एका चित्रासमोर हमखास थांबतात. ‘मरणासन्न राजकुमारी’ या नावाने ते ओळखले जाते. नंदाने संसार सोडून भिक्षुव्रत घेतले, हे त्याचा मुकुट परत आल्यावर कळते आणि पत्नी सुंदरीचे अंग गळून जाते, असा अर्थ अनेक अभ्यासक लावतात. दुःख शरीरात उतरते, हे पाचव्या शतकातल्या चित्रकाराने जाणले होते. आपल्या दवाखान्यांत मात्र मन आणि हृदय अजून वेगवेगळ्या खोल्यांत बसतात.

‘धसका घेतला’ हा आपला शब्दप्रयोग निव्वळ भाषेचा अलंकार नाही. १९९० साली जपानी डॉक्टरांनी एका विकाराला ‘टाकोत्सुबो’ हे नाव दिले. छातीत दुखते, धाप लागते, ईसीजी हार्ट अटॅकसारखा दिसतो. पण अँजिओग्राफीत दुखण्याचे कारण ठरेल असा अडथळा सापडत नाही. बहुधा अॅड्रेनालिनसारख्या संप्रेरकांच्या लोंढ्याने हृदयाच्या डाव्या कप्प्याचे टोक तात्पुरते दुबळे होऊन फुगते. ऑक्टोपस पकडायच्या मडक्यासारखा तो आकार, म्हणून हे नाव. रुग्णांत रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रिया बहुसंख्य असतात. बहुतेकांचे हृदय काही आठवड्यांत पूर्ववत होते. तरी सुरुवातीचे दिवस जिवावर बेतू शकतात.

एका धक्क्यापेक्षा रोजचा घोर अधिक जणांना पोखरतो. कर्ज, घरातली आत्महत्या, नवऱ्याची मारहाण यांमुळे झोप उडते, रक्तदाब चढतो, तंबाखू वाढते, गोळ्या चुकतात. ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासाने २००४ मध्ये हार्ट अटॅकच्या नऊ प्रमुख कारणांत मानसिक-सामाजिक ताणाचाही समावेश केला.

इथे दोन चुका होतात. पहिली, बाईच्या छातीत दुखले की ‘टेन्शन घेतलं असेल’ किंवा ‘पित्त झालं असेल’ म्हणून तिला घरीच ठेवणे. टाकोत्सुबो आणि हार्ट अटॅक यांतला फरक घरी कळत नाही. फर्दापूरसारख्या गावातून छत्रपती संभाजीनगर सुमारे शंभर किलोमीटर. तिथे वाया गेलेला प्रत्येक तास महाग पडतो. त्यामुळे आधी ईसीजी, मग कारणांची चर्चा. १०८ ला फोन करायला संकोच नको.

दुसरी चूक तपासणीनंतरची. ‘रिपोर्ट नॉर्मल’ म्हणून रुग्णाला घरी पाठवले जाते आणि घरात काय घडले, हे कुणी विचारत नाही. माझे म्हणणे एवढेच, की प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपी मोजताना ‘झोप लागते का?’ आणि ‘घरात काही वाईट घडलं का?’ हे दोन प्रश्नही विचारले जावेत. त्याला यंत्र लागत नाही, पाच मिनिटे लागतात. शेतकऱ्यांसाठी राज्याने ‘प्रेरणा’ प्रकल्प सुरू केला, ‘टेली-मानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक दिवसरात्र चालतो. ही मदत रुग्णाच्या केसपेपरवर लिहून द्यायला काय हरकत आहे?

घरच्यांचाही वाटा आहे. ‘रडू नकोस, धीर धर’ म्हणण्यापेक्षा शेजारी बसून ऐकावे. रोज चालणे, वेळेवर झोप, व्यसनापासून दूर राहणे आणि गरज पडल्यास समुपदेशन किंवा औषधे यांनी मन सावरते, रक्तदाबही आटोक्यात यायला मदत होते. हृदयाच्या गोळ्या मात्र मनाने बंद करू नयेत.

दहाव्या-तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेले असते. खरी विचारपूस चौदाव्या दिवसापासून हवी.