दोन अळ्या, एकच बोंड



परवा एका शेतावर कापूस वेचणाऱ्या बाईंनी कवडी झालेले बोंड माझ्यापुढे धरले आणि विचारले, "साहेब, बीटी आली तेव्हा हिरवी बोंडअळी गेली ती गेली. मग ही गुलाबी परत कशी आली? दोघी खातात तर एकच बोंड!"

प्रश्न लाखमोलाचा होता. वेचणीच्या घाईत मला धड उत्तर देता आले नाही. ते आज इथे देतो.

घरच्या ज्वारीचे बी राखताना तुम्ही भरदार कणसे निवडून ठेवता. गुण वंशात असतो, निवड तुम्ही करता. शेतातल्या किड्यांतही अशीच निवड चालते, फक्त ती करणारा तिथे कोणी माणूस नसतो.

बीटी कपाशीच्या झाडात अळीला मारणारे प्रथिन तयार होते. एका जनुकाची बीटी आपल्याकडे २००२ मध्ये आली, दोन जनुकांची २००६ मध्ये. पण हजारो अळ्यांत एखादी अशी असतेच, की जिला हे विष बाधत नाही. बीटीने तिला तसे केलेले नाही, ती जन्मतःच तशी असते. सुरुवातीला हा गुण दबून राहणारा असतो. आई आणि बाप दोघांकडून आला तरच अळी वाचते. एकाकडूनच आला तर ती बीटीवर मरते. समजा, शंभर जनुकांत असे एक आहे. मग दोन्ही बाजूंनी ते मिळालेली अळी दहा हजारांत एकच निघेल.

आता त्या एकीचा पतंग झाला. त्याला जोडीदार कोण मिळणार, यावर पुढचे सगळे अवलंबून आहे. जवळच साध्या कपाशीच्या ओळी असतील, तर तिथे विष न खाता वाढलेले पुष्कळ पतंग उडत असतात आणि जोडी बहुधा त्यांच्यातलाच कोणाशी तरी जुळते. पिलांना गुण एकाच बाजूने मिळतो, ती बीटीवर मरतात. ओळी नसतील तर वाचलेल्याला वाचलेलाच भेटतो आणि सारी पिलावळ विष पचवणारी निपजते. महिना-सव्वा महिन्याला एक पिढी, हा हिशेब धरा.

यासाठीच बियाण्याच्या डब्यात ४५० ग्रॅम बीटीबरोबर १२० ग्रॅम साध्या बियांचे पाकीट असे. आपण त्याला रेफ्युजी म्हणत होतो. ते पाकीट किती जणांनी पेरले? बहुतेकांनी बांधावर टाकले. मी दोष देत नाही. अळीला खाऊ घालायला पाच ओळी लावा म्हटले तर कोण लावील? काही पाकिटांतले बी नीट उगवतही नसे. आणि खरे सांगायचे तर मीही त्या काळातल्या सभांमध्ये "नियम आहे, लावा" एवढेच सांगून पुढच्या विषयाकडे वळत असे. पतंगांच्या सोयरिकीची ही गोष्ट तेव्हा पाच मिनिटे सांगितली असती तर, असे पुष्कळदा मनात येते.

व्हायचे तेच झाले. गुजरातेत अमरेली, भावनगर, जुनागढ, राजकोट या जिल्ह्यांत गुलाबी अळी एका जनुकाच्या बीटीला दाद देत नाही, हे २०१० मध्ये जाहीर झाले. पुढे तिने दोन जनुकांचे विषही पचवले. २०१७ साली आपल्या विदर्भ-मराठवाड्यात काय झाले, ते तुम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

मग हिरवी का नाही परतली? तिची ताटे अनेक. तूर, हरभरा, टोमॅटो, शिवाय कितीतरी रानटी झाडे. बीटीच्या शेतात एखादी वाचली तरी शेजारच्या तुरीतून विष न चाखलेले पतंग येऊन तिच्या वंशात मिसळतात. तुम्ही आम्ही पाकीट फेकून दिले, पण तिची रेफ्युजी तुरीच्या ओळींनी आपोआप लावून ठेवली होती. ती काही मुळात गरीब नव्हे. १९८७-८८ मध्ये आंध्रात हीच अळी पायरेथ्रॉइड फवाऱ्यांना पुरून उरली होती. गुलाबीला मात्र मुख्यतः कपाशीच लागते आणि कपाशी तर सगळीकडे बीटी. त्यात आपण पाण्यावर फरदड राखली, म्हणजे तिच्या आणखी पिढ्या त्याच विषावर निवडून काढल्या.

अमेरिकेतल्या ॲरिझोनात हीच अळी, हीच बीटी. तिथल्या शेतकऱ्यांनी साध्या कपाशीचे पट्टे नेमाने लावले. २००६ पासून वांझ केलेले पतंग विमानातून सोडले. २०१८ मध्ये त्या देशाचा कापूसपट्टा गुलाबी अळीतून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. त्यांच्याकडे शेते मोठी, सरकारी विमाने हाताशी. आपल्या पाच एकरांना ते जसेच्या तसे लागू नाही.

पण तिचे ताट एकच आहे, यातच तिचे वर्मही आहे. ते ताट काही महिने उचलून ठेवले तर ती जाणार कुठे? डिसेंबरअखेर पीक काढा, फरदड नको. सरकीत आणि वाळल्या बोंडांत झोपलेल्या अळीचे पतंग मे-जूनमध्ये निघतात. तेव्हा शेतात पाते-फूल नसेल तर अंडी घालायला जागा न मिळता ते मरतात. म्हणून मे महिन्यात लागवडीची घाई करू नका.

चुलीला पऱ्हाटी लागते, हे मला माहीत आहे. माझ्या घरीही तिच्यावरच भाकरी भाजली जात असे. तेव्हा शेवटची वेचणी झाली की शेतात मेंढरे-शेळ्या बसवा, उरलेली बोंडे त्या खाऊन टाकतील. मग पऱ्हाटी उपटा, राहिलेली बोंडे झोडून जाळा आणि जळणाची मोळी उन्हाळा संपायच्या आत चुलीत घालून संपवा.