चालतंय ते चालू दे?

लग्नपत्रिका, देणगीपावत्या आणि गड्ड्याच्या यात्रेचे फलक जिथे तयार होतात, त्या सोलापूरच्या डीटीपीच्या दुकानांत नव्या आवृत्तीचा विषय निघाला की उत्तर ठरलेलं असतं : चालतंय की, कशाला हात लावायचा? सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांतही या मताचे लोक कमी नाहीत. विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालणाऱ्या अ‍ॅपखालचं फ्रेमवर्क बदलायचं तर वर्षं खर्ची पडतात, आणि एवढं करून वापरणाऱ्याला नवं बटण एकही दिसत नाही, असा त्यांचा दावा. इंग्रजीपुरता तो बराचसा मान्य करता येईल. मराठीच्या बाबतीत मात्र तो मुळातच फसतो, कारण मराठी अक्षराचं अंतिम रूप वरच्या मेनू-बटणांत ठरत नाही, ते खालच्या थरात ठरतं.

सोलापूरच्या ग्रामदैवताचंच नाव घेऊ. ‘सिद्धेश्वर’ हा शब्द युनिकोडमध्ये दहा चिन्हांनी साठवला जातो. त्यात ऱ्हस्व इकार ‘स’नंतर येतो, पण कागदावर तो ‘स’च्या आधी उमटायला हवा. द, हलन्त आणि ध मिळून एक जोडाक्षर व्हायला हवं, श आणि व यांचं दुसरं. ही उलथापालथ करणारा थर नसेल, तर वेलांटी भलतीकडे जाते आणि हलन्ताचा पाय उघडा पडतो. स्क्रायबस या मोफत पानमांडणी सॉफ्टवेअरची १.४ ही मालिका क्यूट फ्रेमवर्कच्या चौथ्या पिढीवर उभी होती आणि तिच्यात देवनागरीची हीच गत व्हायची. पुढच्या मालिकेत फ्रेमवर्क पाचव्या पिढीचं आलं, २०१७च्या १.५.३ या विकसनशील आवृत्तीत मजकूर रचण्याचं काम हार्फबझ या अक्षरं जुळवणाऱ्या लायब्ररीकडे गेलं, आणि २०२४च्या जानेवारीत १.६ ही स्थिर आवृत्ती निघाली. जोडाक्षरं जुळली ती तळाच्या या कामामुळे.

यावर जाणकारांचा आक्षेप तयार असतो : मग हार्फबझ तेवढं बसवा, अख्खं फ्रेमवर्क कशाला बदलायचं? आक्षेपात तथ्य आहे. लिब्रेऑफिसने फेब्रुवारी २०१७च्या ५.३ आवृत्तीत नेमकं तेच केलं. त्याआधी अक्षरं जुळवायला विंडोजवर एक यंत्रणा, मॅकवर दुसरी, लिनक्सवर तिसरी होती, त्यामुळे एकाच फाइलच्या ओळी तीन ठिकाणी तीन जागी तुटू शकत. हार्फबझ आल्यावर तिन्हींकडे मांडणी एका तंत्राने होऊ लागली. पण एक थर बदलून बाकीचे कायम ठेवणं फार काळ पुरत नाही. क्यूटच्या चौथ्या पिढीची देखभाल २०१५च्या अखेरीस थांबली. त्यानंतर तिच्यातल्या सुरक्षेच्या भोकांना अधिकृत ठिगळ मिळणार नव्हतं. आणि चालढकलीची किंमत पाहायची तर जीटीके या फ्रेमवर्कवर उभं असलेलं गिंप हे चित्रसंपादनाचं सॉफ्टवेअर पाहावं. जीटीकेची तिसरी पिढी २०११ची, गिंप तिच्यावर आलं मार्च २०२५मध्ये. (जीटीके मुळात गिंपसाठीच जन्माला आलं होतं, आणि तेच मागे राहिलं!) एवढ्या वर्षांत पायथनची दुसरी पिढीही २०२०मध्ये निवृत्त झाली, त्यामुळे तिच्यात लिहिलेली जुनी प्लगइन्स नव्याने लिहिणं भाग पडलं. काम टळलं नाही, साचत गेलं.

जुन्या संगणकांचा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. क्रोम ब्राउझरचा पाया असलेल्या क्रोमियमने विंडोज ७ची साथ सोडली, त्यापाठोपाठ क्रोमियमवरच उभ्या असलेल्या इलेक्ट्रॉन या फ्रेमवर्कच्या २०२३च्या २३व्या आवृत्तीनेही सोडली. एकाच जुन्या संगणकावर ज्याचं पोट आहे, त्याला ‘नवं मशीन घ्या’ असं सांगणं हा निर्दयपणा आहे. म्हणून माझी बाजू सरसकट अपग्रेडची नाही. जुन्या यंत्रावर चालणारी शेवटची आवृत्ती उतरवून घेता आली पाहिजे, आणि साथ कधी सुटणार ते आधी जाहीर झालं पाहिजे. लिनक्सची वाटही आहे. अनेक जुनी यंत्रं तिच्यावर आणखी काही वर्षं चालतात. पण या अडचणीचा आधार घेऊन सगळ्यांनीच मागे राहावं, हे पटत नाही.

‘जुन्या फायली बिघडतात’ ही तक्रारही खरी आहे. स्क्रायबस १.६मध्ये जतन केलेली फाइल १.४मध्ये उघडत नाही, आणि जुनी फाइल नव्यात उघडली तर ओळी सरकतात. यावर साधा उपाय म्हणजे छापून झालेलं काम पीडीएफमध्ये ठेवायचं आणि नवं काम नव्या आवृत्तीत सुरू करायचं. आणि जे जुनं आपण जपू पाहतो ते तरी किती सुरक्षित आहे? पेजमेकर या जुन्या पानमांडणी सॉफ्टवेअरची ७.० ही शेवटची मोठी आवृत्ती २००१ची, आणि तिला युनिकोड कळत नाही. त्यातली मराठी म्हणजे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले देवनागरीचे तुकडे. फॉन्ट काढला की त्याचा रोमन गिचमिडा होतो, आणि युनिकोडमध्ये एखादं नाव टाइप करून त्यात शोधलं तर सापडत नाही. ‘चालतंय’ म्हणतात ते हे.

सोलापुरात तर प्रश्न एकट्या देवनागरीचाही नाही. विणकर वस्त्यांमध्ये तेलुगू बोलली जाते, अक्कलकोटच्या बाजूला कन्नड. जुन्या पद्धतीत तिन्ही लिप्यांना वेगळे फॉन्ट, वेगळी कळरचना आणि बहुधा ती बोटांत बसलेला वेगळा माणूस लागतो. हार्फबझ या तिन्ही लिप्या जुळवतं, आणि प्रत्येक लिपीचा युनिकोड फॉन्ट हाताशी असला की तीन भाषांची पत्रिका एकाच पानावर, एकाच फाइलमध्ये लागते.